बेकरीच्या मालासाठी घेतलेली कार्गो सायकल, १४ महिने वापरून

बेळगावच्या शहापुरात आमची बेकरी आहे, मामंजींनी सुरू केलेली, पाव, बटर, खारी, टोस्ट, नानकटाई आणि सणावाराला केक. गेल्या वर्षी मार्चमध्ये आम्ही माल पोचवायला बॅटरीची कार्गो सायकल घेतली, पुढं दोन चाकं, त्यांच्या मधी मोठा डबा, मागं एक चाक, पेडल आपण मारायचं आणि मोटर हात देती तसली. तेव्हापासून बाजारात रोज कोण तरी मामांना थांबवून विचारतंय, केवढ्याला पडली, किती ओझं घेती, लायसन लागतंय काय, आणि मामा सरळ सांगतात, वैनींना, म्हणजे मला, विचारा. म्हणून एकदाच सगळं बैजवार लिहिते. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत, २२ वर्षं आमच्याकडं माल पोचवतात, सगळा बाजारच त्यांना मामा म्हणतोय.

आधी आमचा माल तीनचाकी टेम्पोनं जायचा, भाड्याचा, दिवसाचे ७०० रुपये, टेम्पोत बसून मामा आणि एक पोरगा जायचे. सकाळी साडेपाचला निघालं तर सहापर्यंत बरं असतंय, पण आपल्या बेळगावचा बाजार तुम्हाला माहीतच आहे, रामलिंगखिंड गल्ली, टिळक चौक, गणपत गल्ली, मारुती गल्ली, तिथून पुढं रविवार पेठ, नऊ वाजले की टेम्पो उभा करायला जागा नाही. नरगुंदकर भावे चौकात टेम्पो जरा थांबला की मागून हॉर्न, पोलीस येऊन काचेवर काठी आपटतोय, "गाडी तगीरी, तगीरी", म्हणजे गाडी काढा, मग ड्रायव्हर एक चक्कर मारून येणार आणि तोपर्यंत पोरगा डोक्यावर क्रेट घेऊन चारशे पावलं चालत जाणार. दुसऱ्या फेरीला चहावाल्यांचे बन आणि बटर असायचे, ते तर निम्मे दिवस उशिराच पोचायचे. चहावाल्याकडं बन अकराला पोचून काय उपयोग, त्याचं गिऱ्हाईक दहाला येऊन गेलेलं असतंय, मग तो दुसऱ्या बेकरीचे घेतोय आणि उद्यापासून तिकडचंच लावतोय. असे दोन कायमचे चहावाले आमचे गेले, त्याचं मला फार लागलं होतं.

सायकल घेतल्यावर पहिले पंधरा दिवस मी वहीत वेळ लिहून ठेवली. बाजारातली ३१ दुकानं, त्यात काही एकाला एक लागून. टेम्पोला सगळी करायला ३ तास १० मिनिटं लागायची, सायकलला २ तास २० मिनिटं. आणि सायकल पळती किती, तर माल भरून ताशी १२, फार तर १४ किलोमीटर! टेम्पो तिच्या तिप्पट पळतोय. मग वेळ वाचतोय कुठं? उभं राहण्यात. मामा सायकल दुकानाच्या पायरीला लावतात, मागून झाकण उघडतात, क्रेट आत देतात, रिकामा क्रेट घेतात, पुढचं दुकान. लंडनमध्ये २०२१ साली याच गोष्टीचा अभ्यास झाला होता, कार्गो सायकलवाल्यांच्या फेऱ्यांची व्हॅनशी तुलना करून, तर शहराच्या मध्यभागात सायकल साधारण ६० टक्के जास्त वेगानं माल वाटती, व्हॅनची तासाला ६ पार्सलं तर सायकलची १०. मी ते वाचलं तेव्हा खरं वाटलं नव्हतं, वहीतले आकडे बघितल्यावर पटलं. आपल्या गल्ल्या तर लंडनपेक्षा अरुंद.

रुंदीचं आधी सांगते कारण घ्यायच्या आधी तेच बघायला पाहिजे. आमची बाहेरून बाहेर ३६ इंच आहे. न्यूयॉर्कनं २०२४ मध्ये ४८ इंच रुंदीपर्यंतच्या कार्गो सायकलींना परवानगी दिली, तसली मोठी इथं आणली तर कांदा मार्केटमध्ये ती अडकलीच म्हणून समजा, दोन्हीकडून फळवाल्यांचे गाडे असतात. मामांनी पहिल्या दिवशी काय केलं, दोरीला ३६ इंचावर गाठ मारली आणि आपल्या रोजच्या वाटेवर सगळीकडं धरून बघितली, कुठं खांब, कुठं पायरी, कुठं गटाराची फरशी. मला ते फार आवडलं. तुम्ही पण तसंच करा, कंपनीच्या फोटोवर जाऊ नका.

आता डबा. यात आम्ही जास्त शिकलो, आणि बेकरीवाले, खानावळीवाले कोण असतील तर हा भाग नीट वाचा. कंपनी नुसता सांगाडा आणि सपाट फळी देती, डबा आपण करायचा. उद्यमबाग या कारखान्यांच्या वसाहतीत आमच्या ओळखीचा फॅब्रिकेशनवाला आहे, त्यानं लोखंडी अँगल आणि पत्र्याचा मजबूत डबा करून दिला. मजबूत म्हणजे ३८ किलो! डबाच ३८ किलो आणि पाव ६० किलो, म्हणजे रोज पावाच्या निम्म्याहून जास्त ओझं नुसत्या लोखंडाचं वाहून न्यायचं. महिन्याभरानं तो काढून अॅल्युमिनियमच्या सेक्शनचा करून घेतला, तो १७ किलो. आत तीन फूट लांब, सव्वादोन फूट रुंद, अडीच फूट उंच, नेहमीचे प्लास्टिकचे क्रेट एका थरात दोन असे चार थर बसतात, म्हणजे ८.

पण खरा घोटाळा वाफेचा झाला. भट्टीतून पाव पाच वाजता निघतोय, साडेपाचला डब्यात. बंद डबा, गरम पाव. पहिल्याच आठवड्यात पाटील गल्लीतल्या दुकानदारानं फोन केला, वैनी पाव ओला हाय की हो, बुरशी धरंल दुपारपर्यंत. मी जाऊन झाकण उघडून बघितलं तर झाकणाच्या आतल्या अंगाला दहीहंडीसारखं पाणी ठिबकत होतं आणि वरच्या क्रेटमधल्या पावांच्या पाठीवर गोल गोल डाग, आणि शेजारी ठेवलेली खारी तर बोटानं दाबली तर तुटायच्या ऐवजी वाकत होती. खारी वाकली म्हणजे संपलंच, तो सगळा माल परत घेतला, पैसे सोडले. टेम्पोत हे कधी झालं नव्हतं कारण टेम्पोला मागं नुसती ताडपत्री असायची, वारा खेळायचा. मग आम्ही तीन गोष्टी केल्या. पाव निघाल्यावर चाळीस मिनिटं जाळीवर ठेवायचे, त्यासाठी भट्टी पाऊण तास आधी पेटवायला लागतीय, कामगारांना त्याचा त्रास आहे आणि त्यांना त्याचे पैसे वाढवून दिले. डब्याच्या मागच्या अंगाला, वारा लागत नाही त्या बाजूला, वर आणि खाली अशा दोन ओळी भोकं पाडली, खालून हवा आत येती आणि वरून वाफ बाहेर जाती. आणि मधी एक उभी फळी घालून खारी टोस्टचा कप्पाच वेगळा केला. तेव्हापासून एक तक्रार नाही.

मग जून आला. आपला पाऊस वरून पडत नाही, जुलैमध्ये तो पश्चिमेकडून आडवा येतोय, छत्री धरली तरी गुडघ्यापासून खाली भिजतोयच. त्या भोकांतून पाणी आत. परत उद्यमबाग, परत भोकांवर घराच्या वळचणीसारख्या पत्र्याच्या झडपा. पहिला पावसाळा सरेपर्यंत डबा तीनदा बदलला, पण आता तो इतका चांगला झालाय की कंपनीच्या सायकलीपेक्षा मला त्या फॅब्रिकेशनवाल्याचंच जास्त कौतुक आहे.

पुलाचं सांगते. शहापूर आणि मूळ बेळगाव यांच्या मधी रेल्वेलाइन आहे, त्यामुळं बाजारात जायचं म्हणजे कपिलेश्वरचा पूल चढायलाच लागतोय. आमच्या सायकलीची मोटर मागच्या चाकात आहे, २५० वॉटची. सपाटीला झक्कास चालती, पण चढाला चाक हळू फिरलं की असली मोटर तापती, पाच मिनिटं तसंच रेटलं तर स्वतःच बंद पडती. पेडलच्या जागी बसवलेली मोटर मिळती, ती गिअरमधून ओढती म्हणून चढाला बरी, पण तिची किंमत बघून आम्ही मागं सरलो. मामांनी उपाय काढला, पुलाच्या पायथ्यालाच गिअर खाली आणायचा, पाय थांबवायचे नाहीत, आणि पहिल्या फेरीला सहाच क्रेट घ्यायचे. सहा क्रेटला आरामात जाती. आठला नाही, कंपनी काय पण म्हणूदे. कागदावर १५० किलो लिहिलंय, ते सपाट रस्त्याचं.

चढापेक्षा उतार भ्यायचा. गेल्या ऑगस्टमध्ये पाऊस थांबून झिमझिम चालू होती, मामा भरलेली सायकल घेऊन पूल उतरत होते आणि ब्रेक दाबला तर लिव्हर हँडलला जाऊन टेकली. तारेचे डिस्क ब्रेक आहेत, पावसात पॅड झिजतात आणि तार ढिली पडती, आदल्या दिवशी धरत होता म्हणून आज धरंलच असं नाही. मामांनी वेग वाढायच्या आधीच डावीकडं कडेला घेतलं आणि पुढचं चाक कठड्याच्या दगडाला घासत घासत थांबवली. दोन क्रेट रस्त्यावर पडले, पाव गेले, मामांच्या ढोपराला खरचटलं, बाकी काय नाही. मागून बस असती तर, हा विचार माझ्या डोक्यातून अजून जात नाही. मामा मात्र घरी येऊन मलाच म्हणाले, "वैनी, सायकलीचा दोष नाही, मी तार बघितली नव्हती." मला ते पटलं नाही. एवढं ओझं घेणाऱ्या गाडीला कंपनीनं तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेकच द्यायला पाहिजेत, चार हजार जास्त घ्या पण द्या. आम्ही नंतर पुढच्या दोन चाकांना ते बसवून घेतले. आणि नियम केला, दर सोमवारी ब्रेक बघितल्याशिवाय सायकल बाहेर काढायची नाही, पावसाळ्यात दर दिवसाआड.

तीन चाकं आहेत म्हणजे पडणार नाही असं सगळ्यांना वाटतंय, ते पण चूक आहे. दोन चाकांची सायकल वळणावर कलती, ही कलत नाही, सरळच राहती, म्हणून वेगात वळवली तर आतलं चाक उचलतंय. वळणाच्या आधी हळू करायचं, वळताना नाही. जड क्रेट खाली, हलके वर. आणि कलत नाही म्हणून वळणाचा सगळा दाब चाकावर आडवा येतोय, साध्या सायकलीचे स्पोक तसल्या दाबाला केलेले नसतात. तिसऱ्या महिन्यात आमचे एका आठवड्यात पाच स्पोक तुटले. सायकलवाल्यानं जाड स्पोक घालून दोन्ही पुढची चाकं नव्यानं बांधून दिली, तेव्हापासून एकही नाही. टायर २० इंची आहेत, पोरांच्या सायकलीची ट्यूब बसती, गल्लोगल्ली मिळती, पण ती पातळ असती, अडीअडचणीला घाला आणि नंतर जाड बदला.

लायसनचं. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत असं आहे की पेडलला मदत करणारी मोटर २५० वॉटच्या आतली असली, आणि २५ किलोमीटरच्या वेगाला किंवा पेडल थांबवलं की मदत बंद होत असली, आणि नियमातल्या बाकीच्या अटींत बसत असली, तर ती सायकल मोटार वाहनात धरत नाहीत, म्हणजे नंबर प्लेट नाही, रजिस्ट्रेशन नाही, लायसन नाही. आम्हाला पोलिसांनी दोनदा थांबवलं, मामांनी कंपनीचा कागद दाखवला, सोडलं. एक पोलीस तर चालवून बघतो म्हणून बसला आणि चौकातून एक चक्कर मारून आला. पण जपून, काही विकणारे ५०० वॉटची, पेडल न मारता नुसत्या थ्रॉटलवर, म्हणजे हातानं पिळायच्या रेसवर, चाळीसनं पळणारी गाडी सायकल म्हणूनच खपवतात. ती कायद्यानं सायकल नव्हे, उद्या काही झालं तर इन्शुरन्स नाही, नंबर नाही, तुम्ही अडकणार. बिल घेताना मोटरचे वॉट आणि वेग दोन्ही लिहून घ्या.

बॅटरी ४८ व्होल्ट १५ अँपिअर तासांची, म्हणजे ७२० वॉट तास, पाऊण युनिटच्या आतबाहेर. चार्जरमध्ये वाया जातंय ते धरून एका चार्जला एक युनिटपेक्षा कमीच, सहा सात रुपये. पाच तास लागतात, दुपारी दोनला लावली की रात्रीपर्यंत निवांत. कंपनी ४५ किलोमीटर म्हणती, आमच्या ओझ्याला आणि पुलाला २६ ते २८ मिळतात. बाजारात दोन फेऱ्या आणि टिळकवाडीची एक, सगळं मिळून २० च्या आत होतंय, म्हणून पुरती. बॅटरी काढून घरात लावता येती हे चांगलं आहे, भट्टीजवळ मात्र ठेवू नका, उष्णता तिला सोसत नाही.

सर्व्हिसवर मी नाराज आहे. कंपनी दुसऱ्या राज्यातली, नाव लिहित नाही. ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या आधी, मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर गेला. फोन केला तर फोटो पाठवा, व्हिडिओ पाठवा, मग तिकीट नंबर, मग सुट्टी. ११ दिवस सायकल उभी. दिवाळीच्या नानकटाईच्या ऑर्डरी आणि मी परत टेम्पोवाल्याच्या दारात, त्यानं सणाचं म्हणून दिवसाला ९०० घेतले आणि मला द्यायला लागले. शेवटी पार्ट आला, बसवायला माणूस नाही, व्हिडिओ कॉलवर उद्यमबागच्या एका वायरमननं वायरींचे रंग जुळवून बसवला. ज्या सायकलीवर आमचं रोजचं पोट आहे ती ११ दिवस बंद राहती म्हणजे काय, हे त्या फोनवरच्या मुलीला मी तीनदा सांगितलं. तिची चूक नाही, पण कुणाची तरी आहेच. तुम्ही घेताना कंट्रोलर, त्याच्या वायरी आणि एक चार्जर हे जादा घेऊनच ठेवा, पाच सहा हजारात सगळं येतंय.

आता पैशाचं, कारण शेवटी सगळे इथंच येतात. सायकल, दुसरा डबा, ब्रेक, स्पोक धरून १,१८,००० पडले. टेम्पो पूर्ण सुटला नाही, पहाटे एक फेरी अजून असती, तिचे २५० देतो, म्हणजे दिवसाला ४५० वाचतात, २६ दिवसांचे ११,७००. त्यातून मामांचा पगार २,००० नं वाढवला, कारण पेडल तेच मारतात, आणि वीज, पंक्चर, पॅड, सर्व्हिस मिळून महिन्याला ९०० च्या आसपास. हातात ८,८०० राहतात, तेराव्या चौदाव्या महिन्यात सायकल वसूल झाली. चार पाच वर्षांनी बॅटरी नवी घ्यायला लागणार, त्याचे मी वेगळे टाकतीय. ते दोन चहावाले परत आले त्याचा हिशोब यात धरलेला नाही.

पहाटेच्या टेम्पोचं का ठेवलं ते सांगते. मारुती गल्लीत माझ्या भावाचं दुकान आहे, त्याच्या मागच्या खोलीत एक रॅक लावलाय. टेम्पो पहाटे रस्ते मोकळे असताना सगळा जड माल तिथं टाकून जातोय, आणि मामा दिवसभर तिथूनच भरून घेतात, प्रत्येक वेळी पूल चढायला नको. हे माझ्या डोक्यातलं नव्हे, जर्मनीत हॅम्बर्गमध्ये यूपीएस या पार्सल कंपनीनं २०१२ साली असंच सुरू केलं, सकाळी शहराच्या मध्यात कंटेनर आणून ठेवायचा आणि त्यातून पार्सलं सायकलीनं आणि पायी वाटायची. त्यांचा कंटेनर, आमची भावाची खोली. पण सायकल घेऊन ज्यांची निराशा होती, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी ही एक गोष्ट केलेली नसती असं मला वाटतंय. लांबून ओझं ओढायचं काम सायकलीला देऊ नका, तिला गल्लीतच ठेवा.

त्याच कारणानं हिंडलगा, सांबरा, काकती, मच्छे ही गावं आम्ही सायकलीला देत नाही, हायवेच्या कडेनं १२ च्या वेगानं जाणं म्हणजे जिवाशी खेळ. खानापूर आणि चंदगडकडचा माल टेम्पोनंच जातोय आणि जाईल. सिमेंट, टाइल्स, तेलाचे डबे, तांदळाची पोती असल्या धंद्याला पण ही नको. ज्यांचा माल हलका, जागा खाणारा आणि थांबे जास्त, बेकरी, फुलं, औषधं, जेवणाचे डबे, कपड्यांची पार्सलं, कुरिअर, त्यांनी जरूर बघावी. गणपतीच्या दहा दिवसांत तर बाजारात चारचाकी फिरकू शकत नाही, मंडपांनी निम्मा रस्ता घेतलेला असतोय, तेव्हा आमचा माल एक दिवस पण चुकला नाही.

मामांचं वय ५७ आहे. त्यांची गुडघेदुखी वाढंल म्हणून मी घाबरत होते, वाढली नाही, उलट टेम्पोतून क्रेट उतरवून डोक्यावरून नेताना मान धरायची ती बंद झाली. सीट मात्र कंपनीची काढून रुंद स्प्रिंगची घातली, तेवढं पहिल्याच दिवशी करा. डब्यावर बेकरीचं नाव कन्नड आणि मराठी दोन्हीत रंगवून घेतलंय, आणि मामांनी हौसेनं हँडलला जुना रबरी भोंगा लावलाय, पूर्वीच्या पाववाल्यांच्या सायकलीला असायचा तसला. रविवार पेठेत तो वाजला की आता दुकानदार रिकामे क्रेट आधीच बाहेर आणून ठेवतात.

या आठवड्यात मिरगाच्या आधीची तयारी चालू आहे, तेलाच्या ब्रेकला नवीन पॅड, झडपांच्या कडेला रबर, चेनला ग्रीस. आणि दुसरी सायकल घ्यायचं आमचं ठरलंय, टिळकवाडी आणि अनगोळसाठी, तिकडं रस्ते रुंद आहेत म्हणून मी दोन चाकांची, पुढं लांब डब्याची बघत होते. मामांना फोटो दाखवला. त्यांनी बराच वेळ बघितला आणि म्हणाले, "उभी केल्यावर क्रेट काढताना धरणार कोण तिला? तीनचाकीच घ्या वैनी, आणि ब्रेक आधी बघा."